पन्नासच्या रेषेपर्यंत

आमच्या एल्डर रन गावात आईपण मोजायची एकच जागा आहे, आणि ती म्हणजे शाळेच्या फुटबॉल मैदानाच्या बरोबर मधोमधची, पन्नास यार्डांवरची पांढरी रेषा. बाळंतपण, आजारपण, डबे, गृहपाठ, हे काय कुणीही करतं. पण हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी बारावीची पोरं एकेक करून मैदानात येतात, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप, आणि लाउडस्पीकरवरून तिघांची नावं पुकारली जातात. रेषेवर पोचलं की पोरगा आईच्या हातात पिवळ्या शेवंतीचं फूल देतो. आयांच्या अंगात पोराच्या नंबरची पांढरी जर्सी असते, मग नोव्हेंबरच्या थंडीने दात का वाजेनात. फोटो निघतो, तो दिवाणखान्यात लागतो आणि घर विकेपर्यंत तिथून हलत नाही. माझ्याही घरी आहे. त्यात माझे डोळे मिटलेत, तरी मी तो उतरवलेला नाही.

माझी धाकटी बहीण डार्लीन या चालण्याची वाट तिचा ड्रू दुसरीत असल्यापासून बघत होती. तिचा नवरा कामासाठी म्हणून फ्लोरिडाला गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. दातांच्या दवाखान्यात फोन उचलून आणि शनिवारी लोकांच्या पार्ट्यांत ताटं वाढून तिने पोरगा मोठा केला. "बाप नाही तर नाही," ती म्हणायची, "मी एकदा डाव्या बाजूने चालेन आणि एकदा उजव्या." तिने कधीच स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. एवढं एकच मागितलं आणि तेच गावाने तिच्याकडून काढून घेतलं. कसं ते सांगते, कारण दुकानात आणि चर्चच्या पायऱ्यांवर जे सांगतात ते धादांत खोटं आहे.

ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना होता. आमच्या या हेल्मेट घालून धडका द्यायच्या फुटबॉलमध्ये ड्रू बचावफळीत मधोमध खेळतो, चोपन्न नंबर. समोरच्या एका धटिंगणाच्या गुडघ्यावर त्याचं हेल्मेट आदळलं. तो उठला, झुलत झुलत निघाला आणि थेट समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. सगळं स्टेडियम खो खो हसलं. मी पालक मंडळाच्या टपरीत हॉट डॉग विकत होते, मीही हसले. कोच लोवरींनी त्याला दंडाला धरून आणलं, पाठीवर थाप मारली आणि पुढच्याच डावाला परत आत पाठवलं. सामना आम्ही जिंकलो.

घरी आल्यावर त्याने आईला तीनदा विचारलं, कोण जिंकलं. मग सिंकमध्ये ओकला. मग त्याच्याच पलंगावर झोपणारा कुत्रा पायात घुटमळायला लागला, तर त्याला कुत्र्याचं नाव आठवेना. डार्लीनने त्याला गाडीत घातलं आणि पिट्सबर्गच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

गावाच्या मते हाच तिचा पहिला गुन्हा. आमच्याकडे अशा वेळी डॉक्टर फेनरना फोन करायची पद्धत आहे. फेनर हाडांचे डॉक्टर, त्यांची दोन्ही पोरं याच संघातून खेळलेली, आणि सामन्याला ते संघाचं जाकीट घालून मैदानाच्या कडेला उभे असतात. त्यांच्या मते आजवर कुणाच्याच डोक्याला काही झालेलं नाही, फक्त जरा गरगरलंय. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मात्र स्पष्ट बोलल्या. मेंदूला मार बसलाय, तो भरून यायच्या आत दुसरा बसला तर पोरगा हातचा जाईल, या हंगामात खेळ बंद.

तीन आठवड्यांनी फेनरनी ड्रूला दोन प्रश्न विचारले आणि ठणठणीत ठरवून टाकलं. नॉर्थ फॉर्कविरुद्धचा शेवटचा सामना तोंडावर आला होता. नॉर्थ फॉर्क म्हणजे नाल्यापलीकडचं गाव, आणि त्यांच्याकडून हरणं म्हणजे पुढचं वर्षभर न्हाव्याकडेसुद्धा मान खाली घालून बसणं. आता ड्रूला मैदानात उतरवायला फक्त आईची सही हवी होती, आणि डार्लीन ती करत नव्हती.

सुरुवातीला लोक गोडीत होते. मग तिच्या हिरवळीवर रोवलेली चोपन्न नंबरची पाटी कुणीतरी उपटून नेली. मग दवाखान्यात दातांची ठरलेली वेळ रद्द करायला फोन यायला लागले. आणि मग तिच्या वाट्याचा गुरुवार आला.

सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, बारावीतल्या एकेका पोराच्या घरी अख्ख्या संघाला जेवण असतं. स्पगेटी, मांसाचे गोळे, लसणाचा पाव. ती पाळी डार्लीनने उन्हाळ्यातच मागून घेतली होती, शेवटच्या सामन्याआधीची, मानाची. तिने गॅरेज धुतलं, चर्चमधून टेबलं आणली, दोन दिवस सॉस ढवळला. मी पाव भाजायला गेले होते. सहा वाजले, साडेसहा वाजले. एकही पोरगा फिरकला नाही.

सातला मी कोचच्या बायकोला, पेनीला, फोन लावला.

"अगं, सांगायचंच राहिलं बघ," पेनी म्हणाली. "पोरं इकडे चर्चच्या हॉलमध्ये आहेत, पिझ्झा मागवलाय. म्हटलं, डार्लीनला आधीच एवढा ताण, त्यात आणखी कशाला?"

"ड्रू कुठे आहे?"

"इथेच की. जेवतोय छान."

मी फोन ठेवला. डार्लीन गॅसवरचं पाणी ओतून टाकायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पेनी लोवरीला मनातल्या मनात नाही, तर चांगली मोठ्याने शिवी दिली.

तासाभराने ते सगळे आले, म्हणजे कोच, पालक मंडळाचा अध्यक्ष गॅरी ओस्वाल्ट, आणि त्यांच्या मागे ड्रू, टोपी डोळ्यांवर ओढलेली. गॅरी विमा विकतो. माझ्याच वर्गात होता, बीजगणितात माझी उत्तरं बघून पास झाला.

"डार्लीन, वास काय सुटलाय!" गॅरी गॅरेजभर नजर फिरवत म्हणाला. त्याला लाजही वाटली नाही.

"मग खा ना," मी म्हणाले. "पन्नास जणांचं आहे. तुझ्या पोटाला पुरेल कदाचित."

"टेरी, तू जरा गप्प बसशील?"

"नाही बसणार."

कोच लोवरींनी टोपी काढून हातात धरली. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, हेच त्याचं मोठेपण सांगतात. "डार्लीन, मला तुझी काळजी कळते. मलाही मुलं आहेत. पण हा पोरगा पुढे कॉलेजात खेळणार नाहीये. हा त्याचा शेवटचा सामना. दहा वर्षं त्याने ज्यासाठी घाम गाळला, ते तू त्याच्या ताटातून काढून घेतेयस."

"तुम्ही त्याला परत आत पाठवलंत," डार्लीन म्हणाली. "तो दुसऱ्यांच्या बाकावर जाऊन बसला होता, आणि तुम्ही त्याला परत आत पाठवलंत."

"त्याने मला सांगितलं, मी बरा आहे."

"त्याला कुत्र्याचं नाव सांगता येत नव्हतं, कोच!"

मग ड्रू बोलला, आणि बोलताना तो आईकडे नाही, टेबलाकडे बघत होता. "आई, सही कर. नाही केलीस तर उद्या तू माझ्याबरोबर चालू नकोस."

"काय म्हणालास?"

"मी कोच आणि पेनीबरोबर चालेन. विचारलंय मी त्यांना."

आमच्याकडे तशी सोय आहे. एका वर्षी एका पोराचे आईबाप दोघेही अपघातात गेले, तेव्हा कोच आणि त्यांची बायको त्याच्याबरोबर चालले. तेव्हापासून ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी ते चालतात. फार चांगली प्रथा आहे, मी स्वतः तेव्हा ढसढसा रडले होते. पण इथे चार पावलांवर आई उभी होती, हाताला सॉस लागलेला.

मला वाटलं, कोच आता पोराला झापतील. "हे तुमच्या घरातलं आहे, मी मधे पडणार नाही," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. ते मधे पडले नाहीत म्हणून गाव आजही त्यांचं कौतुक करतं.

दोघे गेल्यावर मी ड्रूला अंगणात गाठलं. "लाज वाटते का रे? जिने तुझ्यासाठी..."

"मावशी," तो म्हणाला, "मला दुसरं काय येतं, सांग ना. गणित येतं? गाणं येतं? लोक मला ओळखतात ते चोपन्न म्हणून. सोमवारी मी कोण असेन?"

त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे. सतरा वर्षांच्या पोराला असं वाटायला लावणारे आम्हीच. त्याला पहिलं हेल्मेट मीच वाढदिवसाला दिलं होतं.

आत डार्लीन संमतीच्या कागदासमोर बसली होती. पेन हातात होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, करून टाक. एकच सामना. चाल त्याच्याबरोबर, घे ते फूल. मग तिने पेनाचं टोपण लावलं. "जिवंत पोरगा माझ्याशी बोलला नाही तरी चालेल," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला म्हणाले, जाऊ नकोस. तिने ऐकलं नाही. पांढरी जर्सी घातली, वर कोट. फाटकावर गॅरी पालकांच्या छातीला फिती लावत होता. डार्लीनला बघताच फितींची पेटी त्याने पाठीमागे केली.

"डार्लीन, आज... म्हणजे, तू वर बसशील ना? पोरांची संध्याकाळ आहे, तमाशा नको."

"मी बघायला आले आहे, गॅरी. तिकीट काढलंय."

मी टपरी सोडली. हॉट डॉग जळू देत, म्हटलं. आम्ही दोघी वरच्या बाकावर बसलो. आमच्या आजूबाजूची माणसं थोडी थोडी सरकली आणि ऐन गर्दीत आम्हाला ऐसपैस जागा झाली.

नावं पुकारायला सुरुवात झाली. आया, बाप, फुलं, टाळ्या. मग लाउडस्पीकर म्हणाला, "चोपन्न नंबर, ड्रू हृस्का! सोबत त्याचं दुसरं कुटुंब, कोच लोवरी आणि पेनी लोवरी!" दुसरं म्हणाला, पण पहिल्याचं नाव घेतलं नाही. पेनीने चोपन्न नंबरची जर्सी घातली होती. कुठून आणली कुणास ठाऊक. डार्लीनने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

तो चालत आला. रेषेवर पोचला, पेनीला फूल दिलं, पेनीने त्याचा मुका घेतला. फोटोवाल्याने त्यांना मोठ्या दिव्यांकडे तोंड करून उभं केलं. त्या कार्यक्रमाला टोपी चालत नाही, हेल्मेट काखेत धरायचं असतं. ड्रूने मान वर केली, आणि त्याचा चेहरा पिळवटला. त्याने हात डोळ्यांवर दाबला. पाय जरा लटपटले, तेव्हा पेनीने त्याला कवेत घेतलं.

"अरेरे, रडतोय बिचारा," पुढच्या बाईने म्हटलं आणि ती उभी राहिली. तिच्या शेजारचे उभे राहिले. बघता बघता अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला.

तो रडत नव्हता. डार्लीनला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मार बसल्यापासून तो घरी स्वयंपाकघरातला दिवा घालवून जेवत होता. आणि आता त्या पांढऱ्याफटक उजेडात कुणीतरी डोळ्यांत सुया खुपसाव्यात तसा तो वाकला होता. तो जितका वाकत होता तितक्या टाळ्या वाढत होत्या.

"टेरी, त्याला उजेड सोसत नाहीये," डार्लीन म्हणाली. मग ती पायऱ्या उतरत धावली. "दिवे बंद करा! गॅरी! त्याला त्रास होतोय, दिवे बंद करा!" मी तिच्या मागोमाग, घसा फाटेपर्यंत तेच ओरडत. बँडने शाळेचं गाणं सुरू केलं होतं. गॅरीने फाटकाची कडी लावली आणि तो अंगानेच आडवा उभा राहिला. तोही रडत होता, भावनेने.

डार्लीन जाळीला धरून मुलाचं नाव घेत राहिली. मागच्या रांगेतल्या कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हटलं, "खाली बस बाई. आज तरी त्याच्या आड येऊ नकोस."