ताई, दार!

खाली बघा, मित्रांनो. आणखी खाली, अगदी दाराच्या तळाशी. वीतभर लांबीचं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असं जे जुनं लाकूड दिसतंय ना, ती मी. मी पाचर. या योगवर्गाचं दार उघडं ठेवणं हे माझं काम. एवढंसं काम, असं म्हणू नका हं! परवा याच कामावरून इथे असा प्रसंग घडला, की माझं लाकूड अजून थरथरतंय.

पण जन्मापासून सांगते. या दाराची चौकट किंचित कललेली आहे. दार उघडून सोडलं, की ते आपलं आपण बंद होतं. सुतारकाकांच्या हे लक्षात आलं तेव्हा चौकटीचा रंगही वाळला होता. ते ओशाळले आणि चौकटीच्याच उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला कापलं. पहिल्या खेपेला माझा उतार फार उभा झाला. दार आलं की मी सर्रकन मागे सरायची. मग त्यांनी रंधा मारून उतार कमी केला, तळाला जुन्या चपलेचं रबर चिकटवलं आणि दार माझ्यावर लोटलं. मी हलले नाही. आणखी जोरात लोटलं. मी आणखी घट्ट बसले! यात जादू काही नाही. दार जितकं ढकलाल, तितकी मी दार आणि फरशीच्या मध्ये दाबली जाते, आणि तितकंच माझं घर्षण वाढतं. ढकलणाऱ्याचाच जोर माझ्या कामी येतो.

पहिल्याच दिवशी योगवर्गाच्या ताईंनी मला मुलांसमोर उंच धरलं.

"ही आपल्या वर्गाची सगळ्यात कडक शिक्षिका. वर्गात एक मूल असो की वीस, ही दाराखाली असणार. पाचर नाही, तर वर्ग नाही. मी विसरले तर मला ओरडायचं."

"तुम्हाला? ओरडायचं?" मुलांचे डोळे चमकले.

"हो. 'ताई, दार!' असं."

मग काय विचारता! मुलं टपूनच बसायची. ताईंचं पाऊल आत पडलं आणि दार हललं, की वीस गळे एकदम फुटायचे. ताईंचे नियम आणखीही होते. आसन सुधारायला हात लावायचा, तर त्या आधी विचारत, "खांद्याला हात लावू का?" कुणी "नको" म्हणालं, तर समोर उभ्या राहून स्वतः करून दाखवत. कुठल्याही मुलाला एकट्याला मेसेज पाठवत नसत. निरोप जायचा तो पालकांच्या गटावर. आणि शेवटचा नियम असा: मोठं माणूस 'कुणाला सांगू नकोस' म्हणालं, की ती गोष्ट सगळ्यात आधी सांगायची.

पण मित्रांनो, मीही विस्मरणात गेले होते. सगळी ओळखीचीच माणसं, पाचर कशाला, असं हळूहळू ताईंनाही वाटू लागलं. कुणीतरी मला चपलांच्या डुगडुगत्या कपाटाखाली सारलं. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडून होते.

मला बाहेर काढलं ते फिरकीने. ही अकरा वर्षांची मुलगी एका जागी ठरत नाही, म्हणून तिचं हे नाव. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताई, हे दार आपोआप का बंद होतं?" उत्तराची वाट न बघता ती जमिनीवर पालथी पडून शोधू लागली आणि कपाटाखालून मला घेऊन वर आली. ताई शरमेने लाल झाल्या. "चुकलंच माझं," त्या सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या आणि मला धुऊन पुन्हा जागेवर बसवलं. पाचरीचा आणि ओरडण्याचा नियमही त्यांनी फिरकीला आणि नव्या मुलांना सांगितला.

आता परवाचं ऐका! योगासन स्पर्धेच्या संघात सहा जागा. पाच भरल्या होत्या. सहावीसाठी फिरकी जीव तोडून मेहनत करत होती. निवड करायला मोठे सर आले होते. ताईंना लहानपणी यांनीच शिकवलेलं. ताई त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नसत.

वर्ग सुटला. ताई मागच्या अंगणात चटया धूत होत्या. फिरकीला न्यायला आलेले तिचे मामा बाहेरच्या बाकावर नेहमीप्रमाणे घोरत होते.

"फिरकी, तू थांब," सर म्हणाले. "तुला एक खास आसन शिकवतो. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे हं. बाकीच्यांना उगाच हेवा वाटेल."

फिरकीचा चेहरा आधी फुलला, मग ती विचारात पडली.

"आणि हे घोरणं! यात मन कसं लागायचं?" असं म्हणत सरांनी दार जरा मागे ओढलं आणि मला पायाने बाजूला सारलं.

दार मिटायला निघालं! दोन हात फट. एक हात. वीतभर. फिरकीने सरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि झेपावली! चार बोटं फट उरली असताना तिने मला दाराखाली कोंबलं.

"काय चाललंय? काढ ती."

"सर, पाचर नाही, तर वर्ग नाही."

"संघात यायचंय ना तुला?"

सरांनी दार ढकललं. मी रबर फरशीत रोवून धरलं. त्यांनी आणखी ढकललं. मी आणखी घट्ट! तेवढ्यात फिरकीने छातीभर श्वास घेतला.

"ताई, दार!"

"आँ? सुटला का वर्ग?" मामा बाकावरून पडता पडता उठले. ताई हातातल्या ओल्या चटईसकट धावत आल्या. सगळं त्यांना एका नजरेत कळलं.

"तुला मी घडवलं," सर म्हणाले. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

ताईंनी ओली चटई खाली ठेवली. "सर, ही पाचर माझ्यासाठीसुद्धा आहे. रोज. तुमच्यासाठी काढली, तर ते नुसतं लाकूड उरेल."

सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

"माझ्यामुळे गेले का?" फिरकीने हळूच विचारलं.

"तुझ्यामुळे दार उघडं राहिलं," ताई म्हणाल्या. मग फिरकीने 'आपल्या दोघांतच' हेही सांगितलं. ताईंनी ते मामांना सांगितलं, तिच्यासमोरच तिच्या आईला फोन केला आणि योगकेंद्राच्या प्रमुख बाईंना लेखी कळवलं. बाईंनी ठरवलंय, सर आता मुलांचा वर्ग घेणार नाहीत.

त्यांच्या मनात काय होतं? मला ठाऊक नाही. पाचरीला मनं वाचता येत नाहीत, आणि गंमत अशी की माझ्या कामाला त्याची गरजच पडत नाही.

सहावी जागा कुणाची, ते शनिवारी ठरेल. सगळ्यांसमोर, उघड्या दारात. फिरकीला ती मिळेलच असं नाही. पण काल तिने ओल्या फडक्याने माझं रबर पुसलं. मित्रांनो, तेवढंच माझं मागणं आहे. धूळ साचली की मी घसरते. म्हणून मला अधूनमधून पुसा आणि जागेवर आहे ना, ते बघत जा. दिसले नाही, तर समोर कितीही मोठं माणूस असो, ओरडा.

आज सकाळी ताई आत आल्या, दार हललं आणि वीस गळे एकदम फुटले. ताई हसत खाली वाकल्या. त्या खरंच विसरल्या होत्या की मुद्दाम, हे मात्र मला अजून कळलेलं नाही!