डिरेलरवरची लाल रेघ

उर्वीच्या माउंटन बाइकचा मागचा डिरेलर अडकायला लागला, तेव्हा तिच्या मनात पहिलं नाव आलं ते करिष्माचं.

डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी लोंबणारा छोटा सांगाडा. केबल ओढली की तो साखळीला मोठ्या चक्रावर चढवतो, केबल सोडली की त्याच्यातली स्प्रिंग तिला परत लहान चक्रावर आणते. उर्वीचा डिरेलर चढायचा मुकाट्याने, पण उतरायच्या वेळी रुसल्यासारखा जागीच बसायचा आणि मग भलत्याच क्षणी धाडकन खाली यायचा. रविवारी डोंगरीच्या वाटेवर राज्याच्या संघासाठी निवड होती. मुलींची एकच जागा उरली होती आणि तिच्यावर डोळा ठेवून दोघीच होत्या, हुडको कॉलनीतल्या एकाच जिन्याच्या वरच्या घरातली उर्वी आणि खालच्या घरातली करिष्मा. दोघींच्या सायकली जिन्याखाली हँडलला हँडल लावून उभ्या असत.

उर्वी फिजिक्सची पदवीधर. पुराव्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही, हे तिला मान्य होतं. पण पुरावे आपल्या पायांनी चालत येत होते. करिष्माने तिचा एलन-कीचा, म्हणजे षटकोनी पान्यांचा, संच मागून नेला आणि परत दिला तेव्हा तिची बोटं काळी होती. मग एका सकाळी जिन्यात तिने हळूच विचारलं,

"काय वं, तुही गिअर बरोबर चालून राहिली ना?"

"हो. कावून?"

"बस, ऐसे ही."

ऐसे ही! एवढ्या वर्षांच्या शेजारात करिष्माने ऐसे ही कधी काही विचारलं नव्हतं. शिवाय बोलताना ती उर्वीकडे नाही, सायकलच्या मागच्या चाकाकडे बघत होती.

उर्वीने डिरेलर रॉकेलने धुतला, ब्रशने घासला, सांध्यांत मशीनचं तेल सोडलं. काही फरक नाही. म्हणजे कुणीतरी स्क्रू फिरवतंय. तिने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार होती.

रेघा तुटल्या नाहीत. डिरेलर मात्र अडकतच राहिला. दुसऱ्या कुणाचा संशय इथे फिटला असता, उर्वीचा वाढला. स्क्रूला हात न लावता ही पोरगी नेमकं करते तरी काय?

"आई, तू दुपारी घरीच राहते ना? करिष्मा जिन्याखाली काय करते, पायत जाय."

सत्यभामाबाई शिलाई मशीनशी झगडत होत्या. त्यांनी मान वर न करता टोला दिला. "माही मशीन बी अटकून राहिली. तिलेही करिष्मानंच हात लावला असन!"

शनिवारी दुपारी उर्वीने शेवटी केबलच सोडवली. केबल आवरणातून रेशमासारखी सरकत होती. दोष तिच्यात नव्हता. मग तिने डिरेलर बोटाने आत दाबला आणि सोडला. त्याने ताडकन परत यायला हवं होतं, पण तो झोपेतून उठल्यासारखा सावकाश आला. दोष सांध्यांत होता.

तेवढ्यात तिला मुंग्या दिसल्या. भिंतीवरून निघालेली रांग स्टँडवरून चढून सरळ डिरेलरच्या सांध्यात शिरत होती. रॉकेल आणि तेल खायला मुंग्या येत नाहीत. तिने सुईने सांधा खरवडला. पिवळट चिकट काहीतरी निघालं. वास आंबूस. साखर रॉकेलमध्ये विरघळत नाही, हे तिला कुणी झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

ती धावत वर गेली. भय्याजी, म्हणजे तिचे आजोबा, गॅलरीत पेपर वाचत बसले होते. स्टील प्लान्टच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले तरी विश्वकर्मा पूजेला ते दरवर्षी स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळं अंगणात ओळीने मांडून पूजा करत. यंदा त्या ओळीत सायकलीही होत्या.

"भय्याजी, पूजेच्या दिवशी माह्या सायकलले पंचामृत कुठं लावलं?"

"तोंडाले."

"सायकलले तोंड कुठं असते?"

"साखळी आत जाते ना, थेच तोंड. मिलमध्ये लोखंड जिथून रोलात शिरते, थिथंच आमी नैवेद्य देत होतो. तुले तं दोन पळ्या देल्या, स्पर्धा आहे म्हणून."

"आणि आईच्या मशीनले?"

"सुईखाली. एकच पळी."

"हे पाय आता!" आतून सत्यभामाबाईंचा आवाज आला.

उर्वीने किटलीभर पाणी गरम केलं. सांध्यांवर सोडलं, जुन्या टूथब्रशने घासलं, डिरेलर आत-बाहेर हलवत राहिली. मध, दूध आणि दही पांढुरक्या ओघळांनी खाली आलं. कोरडं पुसून तिने पातळ तेलाचा एकेक थेंब दिला, जास्तीचं टिपून घेतलं. बोटाने दाबून सोडला. ताडकन!

मग तिच्या लक्षात आलं.

"भय्याजी, करिष्माच्या सायकलले?"

"तिलेही दोन. लेकरायत भेदभाव करत नसतो मी."

किटलीत अजून पाणी होतं. उर्वी जिन्यात थांबली. गप्प राहिलं तर उद्याची जागा तिचीच होती, आणि कुणी काही म्हणूही शकलं नसतं. पण मग अडकलेला डिरेलर बघून करिष्मा कुणाचं नाव घेईल, हेही तिला लख्ख दिसत होतं. कारण तिने स्वतःही तेच चालवलं होतं, फक्त उलट्या दिशेने.

तिने खालचं दार वाजवलं. करिष्माने ते अर्धंच उघडलं. मागे हॉलमध्ये तिची सायकल खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेली होती. डिरेलरच्या स्क्रूंवर व्हाइटनरच्या पांढऱ्या रेघा होत्या.

उर्वीने रेघा पाहिल्या. ती रेघा पाहतेय, हे करिष्माने पाहिलं.

"उतरत नाही ना खाली?" उर्वीने विचारलं.

"तुले कसं माहीत?"

उर्वीने सगळं सांगितलं. पंचामृत, तोंड, मुंग्या. करिष्माने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नजर किटलीवर होती.

"त्यात काय आहे?"

"गरम पाणी."

"नुसतं?"

"नुसतं."

करिष्मा दारातून हलली नाही. "आधी तुह्या सायकलवर टाकून दाखव."

"माही झाली धुऊन."

"मंग परत धू."

उर्वीने जिन्याखाली जाऊन आपल्या स्वच्छ डिरेलरवर पुन्हा पाणी ओतलं. करिष्मा शेजारी उकिडवी बसून निरखत होती. लाल रेघांपाशी तिची नजर थोडी अडखळली. डिरेलर ताडकन परत आला, तेव्हा ती उठली आणि आपली सायकल सोडवायला आत गेली. किटली मात्र तिने उर्वीच्या हातातून काढून स्वतःकडे घेतली होती.