सतरंजीवर बसायचं असेल तर

घुमीने ढब्याच्याच दप्तरातून त्याची स्टीलची बाटली ओढली आणि त्याच्या भुवईवर हाणली. एकदा हाणून भागलं नाही म्हणून परत हाणली. ढब्या मटकन खाली बसला. रक्त डोळ्यात गेलं, डोळ्यातून गालावर, गालावरून शर्टाच्या खिशात. तिसरीचा अख्खा वर्ग चिडीचूप झाला. बाईंच्या काळजात चर्र झालं. ढब्यासाठी झालंच, पण खरं सांगायचं तर घुमीसाठी जास्त झालं.

कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पुन्हा रक्त निघालं तर ही मुलगी माझ्या शाळेत दिसणार नाही." आणि आपल्या या बाई छातीठोकपणे म्हणाल्या होत्या, "नाही निघणार. माझी जबाबदारी." तोंडच उघडत नाही म्हणून घुमीला आधीच दोन शाळांनी हाकललं होतं. पुढची शाळा तिला दारातही उभी करणार नव्हती.

हा वर्ग बाईंच्या गळ्यात पडला तेव्हा तो वर्ग नव्हताच, आखाडा होता. पाठीत पेन्सिली खुपसायच्या, दात पाडायचे, उपटलेले केस मुठीत घेऊन मिरवायचं. आधीचे गुरुजी पट्टीने बडवायचे आणि पोरं एकमेकांना बडवायची. दुसरं काय शिकणार ती, कपाळ? बाईंनी पट्टी कपाटावर फेकली आणि एकच नियम केला. ज्याने मारलं, त्यानेच ओला रुमाल धरायचा. कपाटामागे सतरंजी टाकली. मारणाऱ्याने आणि मार खाणाऱ्याने तिथे बसायचं, मारणाऱ्याने दुखऱ्या जागी रुमाल दाबून धरायचा, दोघांना आपणहून उठावंसं वाटेपर्यंत. बाकीच्यांनी पाठ फिरवायची. सुरुवातीला सतरंजीवरही गुद्दागुद्दी झाली. मग तिथून कुजबुज ऐकू यायला लागली, मग खिदळणं. मारामाऱ्या ओसरल्या. इतर शिक्षक 'रुमालबाई' म्हणून चिडवायचे आणि बाईंना त्याचा मनातून गर्व होता. होता तर होता.

घुमीचं मात्र उलटं चाललेलं. आली तेव्हा ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोंडाला कुलूप लावून कोपऱ्यात बसायची. मग चिमटे सुरू झाले, मग चावे, आणि आज बाटली. तिने मारलेल्यांपैकी एकाचंही तिच्याशी भांडण नव्हतं. बाईंची मती तिथेच गुंग व्हायची.

शिपाईमामा ढब्याला उचलून दवाखान्यात निघाले, तर ही पोरगी ओला रुमाल घेऊन मागे धावली. फाटकात मामांच्या मनगटाला चावली, ढब्याच्या शर्टाला लोंबकळली. "मी धरणार, मी मारलंय, मीच धरणार," किंचाळून घसा बसला तिचा. शर्ट टर्रकन फाटला. बाईंनी तिला ओढत वर्गात आणलं तेव्हा त्यांच्या नडग्यांवर लाथा पडत होत्या.

"पश्चात्ताप झालाय हो बिचारीला," बाई धापा टाकत म्हणाल्या.

मोठ्या बाई आरडाओरडा ऐकून दारात आल्या होत्या. "मुलाचे वडील येऊ देत. त्यांनी तक्रार केली की विषय संपला."

वडील आले. ट्रक चालवणारा माणूस, हात पाटीएवढा. पोराच्या भुवईतून सुई आरपार जाताना बघून आलेला, त्याचं डोकं कशाला ठिकाणावर असेल? "कुठाय ती कार्टी," म्हणत तो वर्गात घुसला. वाटेतला बाक लाथेने आडवा केला. घुमीचा दंड पकडून तिला उचललं आणि हात उगारला. बाई मध्ये शिरल्या, आणि तो हात त्यांच्या तोंडावर बसला. चष्मा उडाला, ओठ फाटला, डोकं भिंतीवर आपटलं. हनुवटीवरून रक्ताची धार लागली.

माणूस जागच्या जागी थिजला. पोरं मात्र थिजली नाहीत. पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली, बादलीत रुमाल बुडवला, नीट पिळला आणि त्याच्यापुढे धरला.

"काका, तुम्ही मारलंत ना? मग तुम्हीच धरायचा."

"काय?"

"सतरंजी कपाटामागे आहे."

आणि अख्ख्या वर्गाने पाठ फिरवली. आता एवढ्या पाठींशी भांडणार कोण? तो गुमान गेला. गुडघे दुमडेनात, पाय कुठे ठेवायचे कळेना. "चुकलं माझं, बाई," तो पुटपुटला. समोर बसलेल्या बाईंच्या ओठाला त्याने रुमाल जेमतेम टेकवला.

"दाबून धरा," बाई म्हणाल्या. "नुसता टेकवू नका."

घुमीने तेवढी पाठ फिरवली नव्हती. कपाटाला चिकटून ती दोघांकडे अधाशासारखी बघत होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"ढब्याने काय केलं होतं गं तुला?"

"काही नाही."

"मग?"

"तो परवा इथे बसलेला. बारक्याला गोष्ट सांगत होता. दोघं हसत होते." ती नखाने कपाटाचा रंग खरवडत राहिली. "मारल्याशिवाय इथे बसायला कुठे मिळतं?"

बाई ओठाचं दुखणं विसरल्या. नियम त्यांचाच होता. अख्ख्या वर्गात मायेने बसायची एकच जागा त्यांनी केली, आणि तिथे जायला रक्त काढावं लागेल असंही त्यांनीच ठरवून ठेवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त जिला सगळ्यात जास्त गरज होती तिने ते बरोबर ओळखलं. बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण ते काम आधीच झालं होतं.

मोठ्या बाई दारात आल्या. "तुमची तक्रार सांगा."

ट्रकवाल्याने रुमाल सोडला नाही. "माझी काही तक्रार नाही."

"आणि आमच्या बाईंचा ओठ फोडलात, त्याचं काय?"

"त्याचंच चाललंय," बाई रुमालाआडून म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी आडवा पडलेला बाक उभा केला. "आठवडाभर बघते," म्हणाल्या. "एक ओरखडा दिसला तरी ती बाहेर, आणि मग मला कुणी काही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडाने बाईंनी सतरंजी ओढत फळ्यासमोर आणली. "आजपासून इथे कुणीही, कुणाजवळही बसायचं. मारायची गरज नाही."

घुमी लगेच जाऊन बसली. दुसरं कुणी हललं नाही. हलेल कोण? तिचे दात अजून निम्म्या वर्गाच्या दंडांवर उमटलेले होते. ती मुठी आवळून वाट बघत होती, आणि त्या मुठी कधी उठतील म्हणून बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी डोक्याला पट्टी बांधलेला ढब्या उठला. घरी राहा म्हटलेलं ऐकलं नव्हतं त्याने. सतरंजीच्या कडेला येऊन उभा राहिला.

"हात दाखव."

घुमीने दोन्ही हात उघडून दाखवले. तो हातभर अंतर सोडून बसला. तिने सवयीने बादलीतला रुमाल घेतला.

"पाणी लावायचं नाही. डॉक्टर म्हणाले."

तिने रुमाल खाली ठेवला. आता रिकाम्या हातांचं काय करायचं, ते तिला कळेना. बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली, परत गुंतवली. ढब्या ते बघत राहिला. मग त्याने दप्तरातून आपली बाटली काढली, तीच, बुडाला पोचा आलेली. झाकण उघडून तिच्यासमोर धरली.

"पी. पण परत दे."

घुमीने बाटली दोन्ही हातांनी उचलली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि परत खाली बसल्या.