दोन सेकंदांची दुरुस्ती

डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी कंपनीने सगळ्यांना फॉर्म पाठवला. सरत्या वर्षात अभिमान वाटावा असं कोणतं काम केलंत? नव्या वर्षासाठी तीन संकल्प लिहा. तेरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला असले फॉर्म चहा संपायच्या आत भरून टाकायची सवय होती. या वेळी पहिलाच रकाना तीन दिवस कोरा राहिला.

खरं तर उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कंपनी कपडे धुण्याची मशिनं विकायची. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता आणि सप्टेंबरपासून तो प्रोग्रामच फोन उचलत होता. त्याआधी ते काम बत्तीस माणसं करायची. त्यांत त्याची ताई होती, अकरा वर्षं. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे प्रोग्रामला शिकवायला त्याने तिचेच कॉल सगळ्यात जास्त वापरले होते. तिला विचारून. "घे की, त्यात विचारायचं काय," ती म्हणाली होती. बत्तीस जणांना काढणार हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. निदान नक्की माहीत नव्हतं.

ताईची नोकरी गेली तेव्हा आपल्याला फार वाईट वाटेल अशी त्याची कल्पना होती. काहीच वाटलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं.

एकतीस तारखेला दुपारी तो तिच्याकडे जेवायला गेला. ताई बाह्या सरसावून बाथरूममध्ये बसली होती. मशीनखालून पाणी येत होतं.

"तुमच्याच कंपनीचं आहे. गळतंय मेलं. थांब, तक्रार करते."

"मी बघतो ना."

"तू? तुला बल्ब बदलता येत नाही."

तिने फोन स्पीकरवर टाकला. प्रोग्रामने उचलला. आवाज ताईचा नव्हता, शब्द तिचे होते. "पाणी गळतंय? अरे बापरे! घाबरू नका, मी आहे ना. आधी नळ बंद करू या."

ताईने खरंच नळ बंद केला. मेकॅनिक सोमवारी येईल असं ठरलं. तिने फोन ठेवला. आता ही रडेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणून तो फरशीकडे बघत उभा राहिला.

"छान बोलतो रे," ती म्हणाली. "एकच चुकतंय. 'मी आहे ना' म्हटल्यावर थांबायचं असतं. समोरचा काहीतरी सांगतो. नवरा बाहेरगावी आहे, बाळाला ताप आहे, काहीही. ते ऐकायचं. मग नळ."

"किती वेळ थांबायचं?"

विचारता विचारता त्याने खिशातून फोन काढून टिपून घ्यायला सुरुवात केली होती. ताईचा चेहरा बदलला.

"दोन सेकंद," ती म्हणाली. "लिही. मला अकरा वर्षं लागली."

जेवताना भाऊजींनी विषय बदलायला संकल्प विचारले. ताई गाडी शिकत होती, मार्चपासून शाळेची व्हॅन चालवणार होती. "आणि साहेब, तुमचा?"

"अजून ठरलं नाही."

"सप्टेंबरपासून माझ्याकडे नीट बघितलं नाहीस तू," ताई एकदम म्हणाली. "चिडले होते मी. भांडायला आला असतास तर भांडून मोकळी झाले असते."

"सॉरी, ताई." शब्द बरोबर होता. आत काही हललं नाही.

"भाजी घे," ती म्हणाली.

संध्याकाळी त्याने फॉर्म भरून टाकला. अभिमानाच्या रकान्यात प्रोग्रामचं नाव, संकल्पांत पोहणं, वाचन, वेळेवर झोप. दोन तारखेला त्याने प्रोग्राममध्ये दोन सेकंद घातले आणि बदल नीट चाललाय का हे बघायला कॉल ऐकत बसला. लोक खरंच बोलत होते. एक म्हातारी बाई म्हणाली, "बरं झालं तुम्ही आहात. आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते मी." प्रोग्राम म्हणाला, "आधी नळ बंद करू या."

त्याने ते तीनदा ऐकलं. मग त्या बाईंचा नंबर शोधून फोन लावला.

"पाणी थांबलं ना, आजी?"

"हो. कोण बोलतंय?"

"कंपनीतून."

"बरं," ती म्हणाली. मग तिनेच बोलायला सुरुवात केली. मॅनेजर दारात आला तेव्हा त्याने हातानेच नंतर या अशी खूण केली. त्याला काही वाटत होतं असं नाही. फक्त फोन ठेवावासा वाटेना. ती वीस मिनिटं बोलली, बहुतेक गुडघ्याबद्दल, आणि जेवायची वेळ झाली तशी तिनेच फोन ठेवला.