ताराबाईच्या पुडीतलं पत्र

सुकी मासोळी विकणाऱ्या ताराबाईला जंगलाच्या रस्त्यावर पोलिसांनी पुडीच्या कागदावरून धरलं, हे कळल्यावर जैनबने चालू दुकान तसंच टाकलं आणि मिळेल त्या काळीपिवळीत चढली. चार गिऱ्हाईकं कॉम्प्युटरसमोर बसलेली होती, बसू देत. चूक तिची स्वतःची होती.

जैनबचं चामोर्शीत इंटरनेटचं दुकान. तिथे बसून ती एका ऑनलाइन मंडळात लिही. आपलं टपाल दुसऱ्याने वाचू नये म्हणून त्याला कुलूप कसं घालायचं, हे त्या मंडळातले लोक एकमेकांना शिकवत. कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, एवढा एकच नियम. कुलूप घातलं की पत्राचा नुसता अक्षरांचा चिवडा होई. ज्याच्याकडे किल्ली, म्हणजे डोक्यात ठेवलेला गुप्त शब्द, त्यालाच ते वाचता येई. एकदा कॉम्प्युटर बसला आणि सगळी पत्रं गेली. तेव्हापासून जैनब त्या चिवड्याचीही कागदावर प्रत काढून ठेवी. उत्तर पाठवलं की कागद रद्दीत, आणि रद्दी ताराबाईला, सुक्या मासोळीच्या पुड्या बांधायला. उघडलेली पत्रं मात्र ती बारीक फाडायची. कुलूपबंद कशाला फाडायची? कुणाच्या बापाला वाचता येणार होती!

कुणालाच वाचता आलं नाही, तोच गुन्हा ठरला. टोपली तपासणाऱ्या शिपायाने पुडी सोडली, मासोळी बाजूला सारली आणि कागद साहेबाकडे नेला. साल होतं दोन हजार नऊ. त्या रस्त्यावर जे समजत नाही त्याला तेव्हा एकच नाव होतं, नक्षली.

ताराबाई सकाळपासून ठाण्यात फरशीवर बसलेली. जैनब दिसताच तिला धीर आला. "सायबाले सांग ना व! मले त सही बी येत नाई, मी कोड काहाले लिहू?"

साहेब सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. "दुकानातला कॉम्प्युटर मागवतो. पत्र उघडून दाखवा. साधं असेल तर दोघी घरी जा."

साधंच होतं. कागदावरच्या तारखेवरून जैनबने ते ओळखलं. मंडळातल्या एका बाईने लिहिलं होतं, नवरा मारतो, याच महिन्यात पोरीला घेऊन निघणार आहे, कुठे जायचं तेही ठरलंय. आणि शेवटी एक ओळ: तो पोलिसात आहे, याच जिल्ह्यात. बाईचं नाव नाही, ठाण्याचं नाव नाही. 'कुणाला कळणार नाही, माझ्यावर सोड,' असं जैनबने तिला कळवलं होतं.

तिने साहेबाकडे पाहिलं. मग चहा घेऊन आलेल्या हवालदाराकडे, मग दारातल्या बंदूकवाल्याकडे. यातला कोण? साहेब भला वाटत होता, पण चारचौघांत भला वाटणारा माणूस घरी हात उचलत नाही असं थोडंच आहे! आणि का उघडत नाही, हे सांगायचीही सोय नव्हती. तेवढ्यानेच कुणाला तरी सुगावा लागला असता.

"कुणाचं पत्र?"

"नाव मालूम नाई साहेब."

"नाव माहीत नाही, आणि पत्राला कुलूप?" साहेब हसलाच. त्याचं तरी काय चुकलं! जैनबला स्वतःलाच आपलं बोलणं खोटं वाटलं.

"दहशतवादाच्या कायद्यात गेलात तर जामीन विसरा," तो म्हणाला. "वर्षं जातात, बाई. तुमचं नाव वाचून लोक आणखी चार गोष्टी जोडतील, ते मला थांबवता येणार नाही."

घरी अम्मी एकटी होती. टाकावं उघडून, सुटावं, असं तिला दोनदा वाटलं.

"उघड ना व," ताराबाई कळवळून म्हणाली. "काऊन अडून राह्यली?"

जैनबला तिच्याकडे बघवेना. "कागद माझा हाय साहेब. रद्दीत मीच टाकला. ताराबाईले काहीच मालूम नाई. लिहून घ्या, मी सही करतो. पण उघडणार नाई."

साहेबाने लिहून घेतलं. ताराबाईला जायला सांगितलं तर ती टोपली घेऊन दारातच उभी. शिपाई खेकसला तेव्हा कुठे तिचा पाय निघाला.

साहेबाने पेन बंद केलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "ज्याच्यासाठी हे करून राहिल्या, तो येणार आहे का तुम्हाला सोडवायला?"

जैनबला रडू फुटलं. "नको यायला, साहेब," ती म्हणाली. "काहीही झालं तरी नको यायला."