जनकाबाईच्या वावरातली माती

पुष्पाबाईंचा उन्हावर भारी विश्वास. डाळ असो, मिरची असो की गोधडी, जरा ओलसर दिसली की गेलीच गच्चीवर. त्या दिवशी सुनेनं ओसरीच्या सावलीत पसरलेलं हरभऱ्याचं बियाणं दिसलं, गुळाच्या पाण्यानं चिकट झालेलं. 'एवढंही कळत नाही पोरीले!' म्हणत त्यांनी ते उन्हात ओढलं आणि दुपारभर हात फिरवून खडखडीत वाळवलं.

धाड गावच्या बाजारातून सून जयमाला आली ती दारातच थबकली.

"आत्याबाई, हे उन्हात कोणं टाकलं?"

"म्या. काऊन? पाय ना, कसं मस्त वाळलं!"

"अवं, मेले ना सारे जिवाणू!" म्हणत जयमाला पायरीवरच बसली.

त्या चिकट लेपात जिवाणू होते. ते हरभऱ्याच्या मुळाशी गाठी करतात, त्यात राहून हवेतलं नत्र धरतात आणि झाडाला देतात. मग वरून युरियाची गरज फारशी राहत नाही. पण कडक ऊन त्यांना सोसत नाही. ज्या वावरात हे पेरायचं, तिथं आजवर नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापूस; हरभरा कधी नाहीच, म्हणजे मातीतही ते नसणार. दुकानातली जिवाणूंची शेवटची पुडी होती ती, आणि जमिनीतली ओल सरत चाललेली. सासरे पुंजाजी म्हणाले होते, "एक साल तुह्या मनासारखं कर. नाही पिकलं, तर पुढं शेतीत बोलायचं नाही." पोरीचं बोलणंच पणाला लागलेलं, आणि सासूनं ते वाळत घातलेलं!

"आता एकच उपाय," जयमाला म्हणाली. "जिथं सालोसाल हरभरा पिकते, तिथली माती आणून बियाण्यासंगं टाकायची. त्या मातीत ते रायतात."

असं वावर जवळ एकच, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडचं, पुष्पाबाईंच्या थोरल्या जावेचं, जनकाबाईचं. वाटणीपासून दोघींचा अबोला. 'जावेनं धुरा कोरून माही वीतभर माती खाल्ली,' असं गावभर सांगत फिरल्या होत्या त्या पुष्पाबाईच. पण सुनेचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना. टोपलं काखेत मारलं आणि निघाल्या.

जनकाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

"बाई, टोपलंभर माती पायजे होती. तुमच्या हरभऱ्याच्या वावरातली."

"वीतभर मातीसाठी मले चोर केलं, अन् आता टोपलं घेऊन आली?"

"हाव. चुकलंच माहं," म्हणत पुष्पाबाईंनी सगळं सांगून टाकलं.

जनकाबाईंना हसू आवरेना. "सुनेची मेहनत उन्हात घातली व्हय बाई! चाल, फावडं घेतो." एकाच्या जागी दोन टोपली भरून दिली. ती माती सावलीत, ओल्या पोत्याखाली राहिली आणि दुसऱ्या दिवशी बियाण्यासोबत पेरली गेली.

महिन्याभरानं वावर हिरवंगार झालं. पुंजाजी बांधावर उभे राहून पीक न्याहाळत होते. तेवढ्यात जनकाबाई धुरा ओलांडून आल्या, कोणाला न विचारता एक झाड उपटलं आणि मुळाची माती झटकली. मुळाला टपोऱ्या गाठी. जयमालानं एक नखानं फोडली, तर आतून गुलाबी.

"म्हणजे कामाला लागले," ती म्हणाली. पुष्पाबाईंचे डोळेच भरून आले.

"माह्या घरचे हायत हे," जनकाबाई म्हणाल्या. "यायले कुठचा आला धुरा! चाल पुष्पे, चहा मांड."