सूप रिकामं होईपर्यंत

तो रविवार होता. मी सकाळच्या एसटीने बीडहून धारूरला आले, तेव्हा माय दारात पोतं अंथरून शेंगा फोडत बसली होती. सिनेमा दाखवायला लॅपटॉप आणलाय म्हटलं, तरी तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं नाही.

"रिकाम्या हातानं मला नीट ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

ज्या कादंबरीवर हा सिनेमा निघाला होता, ती मी तेरा वर्षांची असताना तिला वाचून दाखवली होती. मायला वाचता येत नव्हतं. वाचनालयातून मी आणलेलं पुस्तक तिच्या सुपातल्या शेंगा संपेपर्यंत वाचायचं, हा आमचा नियम. सूप रिकामं झालं की गोष्ट असेल तिथे थांबायची. गोष्ट रंगात आली की तिचे हात मुद्दाम हळू चालायचे.

सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत तिची कुरकुर सुरू झाली.

"ही कोण?"

"चंद्रभागा."

"ही? इतकी गोरी? चंद्रभागा सावळी व्हती."

"माय, पुस्तकात तिचा रंग लिहिलेलाच नाही."

"लिवायचं कशाला? मला ठाव हाय की."

मी हसले. बीडच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. कादंबरीचा सिनेमा होताना काय गळतं, काय नव्याने येतं, यावर दरवर्षी दोन तास घेते. वाचणारा प्रत्येक जण मनात एक चेहरा तयार करतो, पडदा त्याला दुसरा चेहरा देतो, आणि भांडण तिथून सुरू होतं, असं मुलांना सांगते. मायने ते एका वाक्यात उरकलं होतं.

शेवट जवळ आला तशी मी अस्वस्थ झाले. बॅटरी संपत आलीय, म्हणाले.

"मग लाव की वायर."

लावली. पडद्यावर चंद्रभागा पहाटे विहिरीकडे गेली. तिची चप्पल काठावर दिसली. नंतर नुसतं पाणी. नावं वर सरकू लागली तरी मायच्या हातातली शेंग तशीच होती.

"नासवलं बग," ती म्हणाली. "पुस्तकात ती माघारी येती. येऊन चूल पेटवती. सिनेमावाल्यांना कावून मारावी वाटली तिला?"

मी वायर गुंडाळत राहिले.

पुस्तकातही चंद्रभागा माघारी येत नाही. मी ती कादंबरी वाचली त्या वर्षी माझे वडील, रामकिसन, शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले होते. त्यानंतर माय रोज त्याच विहिरीवर जायची आणि कठड्यावर तास तास बसून राहायची. मी लांब बांधावर उभी राहून तिच्यावर नजर ठेवायचे. शेवटचं प्रकरण मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसले, पान डोळ्यांपुढे धरलं, आणि तिथे नसलेली वाक्यं वाचली. चंद्रभागेला कोंबड्याची बांग ऐकू आली. ती वळली. घरी येऊन तिने चूल पेटवली.

"बरं केलं तिनं," माय म्हणाली होती आणि दाणे पाखडायला उठली होती. विहिरीवर ती नंतरही जायची, पण बसायची नाही. माझ्या वाक्यांमुळे की आपली आपण, हे मला कधीच कळलं नाही.

त्या रविवारी सांगता आलं असतं. पण पाचची गाडी होती. निघताना तिने भाजलेल्या शेंगांची पिशवी हातात दिली. "पुढल्या खेपेला ते पुस्तकच आण," म्हणाली. "शेजारच्या केशरबाईला ऐकवायचंय. तिनंबी टीव्हीवर त्योच सिनेमा बगितलाय, आता मलाच खोटं पाडील."

बुधवारी सकाळी केशरमावशीचाच फोन आला. माय अंगण झाडता झाडता बसली होती, ती उठली नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी केशरमावशी आली. तिच्या हातात शेंगांनी भरलेलं सूप होतं. मायच्या पोत्यावर न बसता ती शेजारी भुईवर बसली.

"तुझी माय लई भांडली माझ्यासंगं," ती म्हणाली. "म्हणली, माझी लेक आली की वाचून दावील, मग कळंल तुला. आणलंयस का पुस्तक?"

आणलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून काढून पिशवीत टाकलं होतं, कशासाठी ते न ठरवता.

ती शेंगा फोडू लागली. मी शेवटचं प्रकरण काढलं. पहाट झाली, चंद्रभागा निघाली, विहीर आली. इथवर आवाज नीट होता. माझी वाक्यं मला अजून पाठ होती. ती म्हटली असती तर माय जिंकली असती, आणि केशरमावशीला कधीच कळलं नसतं.

"थांबलीस कावून? सूप भरलेलं हाय अजून."

मी छापलेलं होतं तेच वाचलं. तीनच ओळी होत्या.

मावशीचे हात थांबले. "म्हंजी सिनेमा खरा?"

"हो."

"आन् तुझी माय सांगायची ते? कोंबडा आरवला, चूल पेटवली?"

पुस्तक मिटून मी मांडीवर ठेवलं. दारातल्या रिकाम्या पोत्याकडे पाहिलं.

"ते मी घातलं होतं, माय," मी म्हणाले. "पुस्तकात नव्हतं. तू विहिरीवर बसायचीस, आणि मला भीती वाटायची की तू पण माघारी येणार नाहीस."